बदक नेमकं कुठे रोवायचं?

आपल्याकडे शेतात बुजगावणं उभं करतात ते पाखरांनी येऊ नये म्हणून. त्याची जागा कुठली, तोंड कुणीकडे, हात किती वर, यावर कुणी वाद घातलेला माझ्या ऐकिवात नाही. फाटका सदरा, डोक्याला मडकं, झालं. पाखरं चार दिवस बिचकतात, पाचव्या दिवशी त्याच मडक्यावर बसून कणसांची वाटणी करतात. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात नेमका उलटा उद्योग चालतो. तिथे पाखरांनी यावं म्हणून खोटी पाखरं मांडतात, आणि ती कशी मांडावीत यावरून सख्खे मेहुणे-मेहुणे हंगामभर एकमेकांशी बोलत नाहीत.

त्यातही नुसत्या तरंगत्या बदकांवरून फारसं बिनसत नाही. बिनसतं ते हलणाऱ्या बदकावरून.

माझी मुलगी आणि जावई बेंटनव्हिलला असतात. वॉलमार्टचं मुख्यालय तिथलं, त्यामुळे आर्कान्साच्या त्या वायव्य कोपऱ्यात मराठी माणूस बराच सापडतो. जावयाच्या ऑफिसातले एक गृहस्थ बदकांचे शिकारी. “बाबा, तुम्ही भिगवणला जाऊन बदकं बघता ना, मग जा की त्यांच्याबरोबर,” असं जावयाने सुचवलं. बदकं बघणं आणि बदकं मारणं यातला बारीकसा फरक त्याच्या लक्षात आला नसावा, किंवा शनिवार-रविवार घर मोकळं हवं असावं. मी गेलो. परवाना नव्हता, त्यामुळे बंदूक माझ्या हातात नव्हती. थर्मास होता.

जायचं होतं स्टुटगार्टला. जर्मनीतून आलेल्या लोकांनी वसवलेलं गाव, म्हणून हे नाव. मूळ स्टुटगार्टला मर्सिडीज गाड्या होतात, इथे भात आणि बदकं. गावाने स्वतःला ‘भाताची आणि बदकांची जागतिक राजधानी’ अशी पदवी घेतली आहे. आजूबाजूला कापणी झालेली, पाणी सोडलेली भातखाचरं आणि नदीकाठची ओकची जंगलं. हिवाळ्यात या जंगलांत गुडघा-मांडीभर पाणी उभं राहतं, ओकची फळं पाण्यात पडतात, आणि ती खायला कॅनडापासून मॅलार्ड बदकं खाली उतरतात. हिरव्या चमकदार डोक्याचा नर आणि तपकिरी ठिपक्यांची मादी. आपल्या बालवाडीच्या तक्त्यावर ‘ब बदकाचा’ म्हणून जे पांढरं, गुबगुबीत, मंद बुद्धीचं पाखरू असतं त्याचे हे रानटी नातेवाईक, आणि नातेवाइकांची बदनामी त्यांना मान्य नाही.

कारण मॅलार्ड भोळं नसतं. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असे बसवलेले आहेत की मान न वळवता त्याला चहूकडचं दिसतं. त्याच्या मागून जाऊन त्याला फसवावं म्हटलं तर त्याला ‘मागून’ अशी बाजूच नाही. असं डझनभर मॅलार्ड पहाटे शेंड्यांवरून घिरट्या घालतं तेव्हा खालचं सगळं तपासून घेतं. वारा असेल तर प्लास्टिकची बदकं आपापल्या दोरीला धरून इकडेतिकडे वळतात, निभावून जातं. वारा पडला की पंचाईत. पाणी स्तब्ध, त्यावर साठ बदकं, आणि त्यातलं एकही खात नाही, पंख झाडत नाही, शेजाऱ्याला चोच मारत नाही. खऱ्या बदकांना एवढी शिस्त कोणी लावलेली नाही. वरचं डझन एक घिरटी जास्त घालतं आणि पुढच्या जंगलात जातं. तिथून मग दुसऱ्या कुणाच्या बंदुकीचा आवाज येतो, आणि तो ऐकताना शिकाऱ्याचा चेहरा बघवत नाही.

म्हणून हालचाल हवी. हालचालीची साधनंही पायरीपायरीने चढत जातात. सगळ्यात खाली दोरी. झाडाला रबरी दोर बांधायचा, त्याला पुढे साध्या दोरीत तीन-चार बदकं अडकवायची, आणि दुसरं टोक हातात घेऊन बसायचं. ओढलं की बदकं पुढे येतात, सोडलं की रबर त्यांना मागे घेतं, पाण्यावर लहरी उठतात. बॅटरी नको, मोटर नको. दोष एकच, तो म्हणजे कुणीतरी ओढत राहावं लागतं, आणि हे काम परंपरेने पाहुण्याला मिळतं. पाहुणा निवृत्त असेल तर उत्तमच.

दोरी ओढण्याचंही शास्त्र आहे. आमच्या यजमानांनी पहिली सूचना दिली ती अशी की ताल धरायचा नाही. बदकं तालात पोहत नाहीत. आयुष्यभर एकादशीला टाळ वाजवलेल्या माणसाला ठरवून बेताल व्हायला सांगणं फार कठीण. दर चौथ्या ओढीला हात आपोआप समेवर येतो. दुसरी सूचना जास्त मोलाची होती: “शेपट्या दिसल्या की ओढा, चोची दिसल्या की थांबा.” म्हणजे बदकं पाठ फिरवून निघाली की त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं पाहिजे, पण तोंड करून यायला लागली की जास्त उत्साह दाखवायचा नाही. कर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या मुलींना हे कोणी शिकवत नाही. आपण फोन ठेवायला निघालो की गप्प बसतात आणि ऐकायला लागलो की किंचाळतात.

दोरीच्या वरची पायरी म्हणजे बुडी मारलेलं बदक, ज्याचा नुसता मागचा भाग पाण्यावर असतो आणि आतला पंप पाणी उडवत तो थरथरवतो. दुकानात ते शेल्फावर ओळीने उलटं टांगलेलं बघितलं की कोणत्याही सुसंस्कृत माणसाने नजर वळवावी. पण काम चोख. एक बदक थरथरलं की लहरी पसरतात, आणि बाकीची सगळी निर्जीव बदकं त्या लहरींवर माना डोलवू लागतात. सभासंमेलनांचा मला जो काही अनुभव आहे त्यावरून हे तत्त्व पटायला वेळ लागला नाही.

आणि सगळ्यात वर स्पिनर. १९९०च्या दशकाच्या शेवटी तो बाजारात आला. एका कंपनीच्या नावावरून त्याला सर्रास ‘मोजो’ म्हणतात, मग तो कुणाचाही असो, जसं आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो. पहाटे पाचच्या अंधारात, मांडीभर गार पाण्यात उभं राहून, कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात यजमानांनी तो पिशवीतून काढला. हिरव्या डोक्याचा प्लास्टिकचा नर, पोटात मोटर आणि बॅटरी, खाली चिखलात रोवायला दोन तुकड्यांचा लोखंडी दांडा. पंख वेगळे, ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे, लोहचुंबकाने दंडाला चिकटणारे. पंखाची एक बाजू काळपट, दुसरी पांढरी. मोटर सुरू झाली की पंख गरगरतात आणि काळं-पांढरं, काळं-पांढरं असं लुकलुकतं. जवळून बघितलं तर ते बदक नाही, दिवाळीत अर्धवट बिघडलेलं भुईचक्र आहे. पण दोन-तीन फर्लांगांवरून, वरून बघणाऱ्या मॅलार्डला तो लुकलुकाट ओळखीचा वाटतो. उतरताना पंखांखालचा पांढरा रंग असाच चमकतो. म्हणजे खाली कुणीतरी आत्ताच उतरतंय, जेवण चालू आहे, पंगत उठलेली नाही.

दुसरा पंख लावताना गारठलेल्या बोटांतून तो निसटला. ॲल्युमिनियम तरंगत नाही. मग चौघेजण एका जागी गोल उभे राहून बुटांनी तळ चाचपडू लागले, आणि कुणीही काही न बोलता हा कार्यक्रम इतक्या सवयीने पार पडला की पंख दरवर्षी पडत असावा.

पंख सापडला, आणि मग खरा प्रश्न उभा राहिला. रोवायचा कुठे?

इथे वाऱ्याबद्दल सांगणं भाग आहे. बदकं विमानासारखी वाऱ्याला तोंड देऊन उतरतात. तेव्हा शिकाऱ्याने वारा पाठीवर घ्यायचा, म्हणजे ती समोरून येतात. आपल्यासमोर पाण्यात खोटी बदकं दोन गटांत मांडायची, घोड्याच्या नालासारखी, तोंड वाऱ्याच्या खालच्या बाजूला उघडं. मधे वीस-पंचवीस यार्डांवर मोकळं पाणी ठेवायचं. या मोकळ्या जागेला ते ‘होल’ म्हणतात. सगळा खटाटोप, पाठीवरची ओझी, पहाटेची झोपमोड, शेकडो डॉलरची बदकं, हे सारं त्या एका न भरलेल्या जागेसाठी. मांडणीचं कौतुक करायचं असेल तर कुठे काही मांडलं नाही ते बघावं लागतं. मला हे फार आवडलं, पण माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

या होलच्या संदर्भात स्पिनर कुठे, यावर तीन संप्रदाय आहेत, आणि आमच्या चौघांत तिन्ही हजर होते. यजमानांचे मेहुणे मध्यमार्गी, म्हणजे अक्षरशः मधे रोवणारे. त्यांचं म्हणणं, स्पिनर होलच्या वरच्या टोकाला, बरोब्बर मधोमध. दुकानाची पाटी दुकानावरच लावतात, शेजाऱ्याच्या भिंतीवर नाही. यजमान कडेचे उपासक. बदकं स्पिनरकडे टक लावून बघतात. तो आपल्या नाकासमोर रोवला तर ती आपल्या नाकाकडे बघणार. त्याला दहा पावलं बाजूला न्या, नजर तिकडे खिळू द्या, आपण इकडे मोकळे. शिवाय बदकं स्पिनरपर्यंत येतच नाहीत, त्याच्या थोडी अलीकडे उतरतात, तेव्हा ते ‘अलीकडे’ नेमकं होलमध्ये पडेल असा हिशेब करायचा. मेहुण्यांनी विचारलं, अलीकडे म्हणजे किती अलीकडे? यजमानांनी एक आकडा सांगितला. मेहुण्यांनी मागच्या वर्षीच्या एका सकाळचा दाखला दिला. यजमानांनी त्या सकाळी वारा कुठून होता ते विचारलं. हे संभाषण आवाज न चढवता, कुजबुजत चाललं होतं, कारण बदकांना ऐकू जायला नको. कुजबुजत भांडणारी पोक्त माणसं मी देवळाच्या गाभाऱ्याबाहेर प्रथमच बघत होतो.

तिसरा संप्रदाय बुवांचा. चौघांतले सर्वांत ज्येष्ठ, पांढरी दाढी, तोंडात अखंड काडी. मी त्यांना मनात बुवा म्हणू लागलो आणि शेवटपर्यंत तेच राहिलं. “स्पिनरची योग्य जागा एकच,” बुवा म्हणाले. “ट्रकमध्ये.”

निकाल अखेर चिखलाने दिला. मधे दांडा रोवला तर तो नुसता आत आत जात राहिला आणि बदक पोटापर्यंत बुडालं. कडेला यजमानांच्या जागी खाली ओकची मुळं निघाली. जिथे दांडा सरळ उभा राहिला ती जागा कुठल्याच सिद्धांतात बसत नव्हती, आणि दोघांही मेहुण्यांनी ती आपल्याच मताच्या जास्त जवळची आहे असं जाहीर केलं.

जागा ठरली तरी रिमोट उरतोच. हल्लीच्या स्पिनरला रिमोट असतो. लांबची बदकं दिसली की चालू, ती घिरट्या घालू लागली की बंद, उतरता उतरता कचरली की पुन्हा क्षणभर चालू. ऊन असेल तर लुकलुकाट चमकून लांबवर जातो, ढगाळ हवेत तेवढा भाव राहत नाही. रिमोट कुणाच्या हातात हा प्रश्न ज्या घरात एकच टीव्ही आहे तिथे जसा सुटतो तसाच इथे सुटला, म्हणजे ज्येष्ठांकडे गेला. ज्येष्ठांचा स्पिनरवर विश्वास नव्हता. त्यांनी रिमोट खिशात घातला आणि खिशाची चेन लावली.

आणि मग त्यांनी मला हालचालीचं मूळ तंत्र दाखवलं. पाण्यातल्या जंगलात शिकारी दडणीत बसत नाहीत. प्रत्येकजण एक ओक निवडतो, त्याच्या सावलीच्या बाजूला खोडाला चिकटून उभा राहतो, आणि मान खाली घालतो, कारण वर बघितलं की चेहरा वरून पांढरा चमकतो. बंदूक खोडाशी. आणि एक पाय पाण्यात झाडायचा. नुसता झाडत राहायचा. लहरी उठतात, झाडांमधून पसरतात, खोटी बदकं डुलू लागतात, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं की खाली चांगलीच वर्दळ आहे. तर चित्र असं: चार मोठी माणसं, दोघांना नातवंडं, एकाचा स्वतःचा भाताचा पाचशे एकरांचा व्याप, आपापल्या झाडाला बिलगून, अपराध्यासारखी मान खाली घालून, मुकाट्याने एकेक पाय झाडताहेत. मी दोरीही ओढत होतो आणि पायही झाडत होतो. कुणी ओळखीचं बघत नाही याची मी दोनदा खात्री करून घेतली.

एवढ्यात बुवांनी शिट्टी तोंडाला लावली. हा प्रकारही ऐकण्यासारखा. मॅलार्डमधला तो खणखणीत ‘क्वॅक’ मादीचा असतो. नराचा आवाज घोगरा आणि बेतास बात. त्यामुळे ही दाढीवाली, भरभक्कम माणसं जन्मभर मन लावून बदकिणीचा आवाज काढायला शिकतात. स्पिनर नराचा, आवाज मादीचा. स्टुटगार्टच्या मुख्य रस्त्यावर १९३६पासून या कलेची जागतिक स्पर्धा भरते. पहिल्या वर्षीच्या विजेत्याला ६ डॉलर ६० सेंट किमतीचा शिकारीचा कोट मिळाला होता.

या आवाजावरून कायद्याची एक गंमत निघाली. शिकारीच्या मोकळ्या वेळात, म्हणजे बराच वेळ, यजमान मला नियम समजावून देत होते. अमेरिकेत बदकाच्या शिकारीला नियम इतके की मला आपल्या सहकारी सोसायटीच्या उपविधींची आठवण झाली. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू, सूर्यास्ताला बंद. बंदुकीत तीनच काडतुसं. शिशाचे छरे १९९१पासून देशभर बंद. आर्कान्सात माणशी दिवसाला सहा बदकं, त्यांत मॅलार्ड चार, त्या चारांत माद्या दोन. मक्याचे दाणे टाकून बदकांना बोलवायचं नाही. आवाज ध्वनिमुद्रित नको, वीज लावून मोठा केलेला नको, तो आपल्याच फुफ्फुसांतून यायला हवा. जिवंत बदकं बांधून त्यांच्याकडून हाका मारून घ्यायच्या नाहीत, ते १९३५ साली बंद झालं. मात्र बॅटरीवर गरगरणाऱ्या पंखांना केंद्र सरकारची हरकत नाही. “म्हणजे घसा स्वतःचा पाहिजे, पंख भाड्याचे चालतील,” मी म्हणालो. यजमान म्हणाले की हे वाक्य ते विधिमंडळाला लिहून कळवणार आहेत.

काही राज्यांची मात्र हरकत आहे, आणि प्रत्येकाची वेगळी. वॉशिंग्टन राज्यात बॅटरीवर चालणारा डिकॉय, म्हणजे खोटं बदक, चालत नाही. कॅलिफोर्नियात हंगाम सुरू झाल्यापासून ३० नोव्हेंबरपर्यंत यांत्रिक पंख बंद, नंतर खुशाल. आर्कान्सानेही २००५ साली बंदी घातली होती, ती काही वर्षांनी उठली. बंदीचं कारण असं की यंत्र फार परिणामकारक आहे. मिनेसोटात २००२ साली अभ्यासकांनी स्पिनर कधी चालू, कधी बंद ठेवून प्रयोग केले, तेव्हा चालू असताना मॅलार्ड जवळ येण्याचं प्रमाण जवळपास तिप्पट निघालं आणि मारली जाण्याचं प्रमाण पाचपटीच्या घरात गेलं. सरकार म्हणतं, हे फारच चालतं. आणि जानेवारीत आर्कान्साच्या कुठल्याही पेट्रोल पंपावर चहा, माफ करा, कॉफी पिणाऱ्या शिकाऱ्याला विचारा, तो म्हणतो, हे मुळीच चालत नाही.

दोघंही खरं बोलतात. मिनेसोटा म्हणजे प्रवासाची सुरुवात. तिथल्या बऱ्याच पोरांनी त्याच वर्षी अंडं फोडलेलं असतं आणि लुकलुकणारं काहीही त्यांना जत्रा वाटते. आर्कान्साला पोचेपर्यंत त्यांनी मॅनिटोबा बघितलेला असतो, नॉर्थ डाकोटा, साउथ डाकोटा, आयोवा, मिसूरी बघितलेले असतात. प्रत्येक राज्यात एक गरगरणारा नर भेटला, आणि प्रत्येक भेटीत ओळखीतलं कुणीतरी गेलं. जानेवारीत जी मॅलार्ड आकाशात उरतात ती स्पिनर बघितल्यावर वर चढतात. ज्या यंत्राने त्यांना बोलवायचं तेच यंत्र लांबून सांगतं की इथे माणसं आहेत. फुकट मिळणारा इशारा, आणि बॅटरीचा खर्च माणसांकडे.

माझं स्वतःचं मत विचाराल तर या प्रकरणात स्पिनरच्या जागेला जेवढं महत्त्व देतात तेवढं बदकाच्या वयाला द्यायला हवं. नोंद असलेलं सर्वांत म्हातारं मॅलार्ड २००८ साली मारलं गेलं, आणि तेही आर्कान्सातच. १९८१ साली लुईझियानात त्याच्या पायात कडं घातलेलं होतं. मेलं तेव्हा त्याचं वय निदान २७ वर्षं ७ महिने. विचार करा. शिशाचे छरे जाऊन पोलादी आले, स्पिनर आला, बंदी आली, हा गृहस्थ या सगळ्यावरून शांतपणे उडत होता. अखेर तो कशाला भुलला? दोरीला, स्पिनरला, की कुणाच्या बेताल पायाला? ती माहिती कड्यावर लिहायची सोय नसते. यजमान आणि मेहुण्यांना मी हे विचारलं. यजमान म्हणाले, स्पिनर बाजूला असणार. मेहुणे म्हणाले, मधे असणार. बुवा म्हणाले, मोतीबिंदू झाला असणार.

तसा हा धंदा जुनाच. नेवाडा राज्यातल्या लव्हलॉक गुहेत १९२४ साली लव्हाळ्याची विणलेली अकरा खोटी बदकं सापडली, रंगवलेली, काहींना खरी पिसं लावलेली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. नीट गुंडाळून ठेवली होती, म्हणजे पुढच्या हंगामात वापरायची होती. डच लोकांनी तर मोटर नसताना हालचालीचा प्रश्न कायमचा सोडवला होता. त्यांच्या शिकारीच्या तळ्यांना जाळी घातलेल्या वाकड्या नळ्या असत, वारा कुठूनही आला तरी एक उपयोगी पडावी म्हणून निरनिराळ्या दिशांना. नळीच्या काठाने बोरूचे आडोसे, आणि त्या आडोशांमधून एक छोटा लाल-पांढरा झुपकेदार शेपटीचा कुत्रा चालत जायचा. दिसायचा, नाहीसा व्हायचा, पुढे पुन्हा दिसायचा. बदकं कुतूहलाने त्याच्या मागे मागे नळीत शिरायची. म्हणजे थांबून थांबून लुकलुकण्याचं तंत्र, जे आज स्पिनरच्या टायमरवर वेगळे पैसे घेऊन विकतात, ते शेपटीत आधीच होतं. आणि कुत्र्याला जागा कुठली यावर वाद नसे. तो स्वतः चालत जाई.

आमच्याकडच्या शिकारीबद्दल बुवांना कुतूहल होतं. मी त्यांना भरतपूरची गोष्ट सांगितली, १२ नोव्हेंबर १९३८, व्हाइसरॉय लिनलिथगो यांची पार्टी, एका दिवसात ४,२७३ पाखरं. बुवांनी तोंडातली काडी काढली. “त्यात स्पिनर किती होते?” मी म्हणालो, एकही नाही, पण महाराज होते. मग सांगितलं की १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर आमच्याकडे हे सगळं संपलं, आता भिगवणला उजनीच्या पाण्यावर माणसं पहाटे नावेत बसतात, मोठाल्या भिंगांचे कॅमेरे लावतात आणि बदकांचे फोटो काढतात. बुवा बराच वेळ पाय झाडत विचार करत राहिले.

“आणि डिकॉय कुठे लावता?”

“लावत नाही.”

“लावा,” बुवा म्हणाले. “फोटो जवळून येईल.” आणि खिशाची चेन उघडून त्यांनी रिमोट माझ्या हातात ठेवला, बक्षीस म्हणून.

त्या दिवशी नऊच्या सुमारास एक थवा खरोखरच आला. शेंड्यांच्या भोकातून एकेक करून, पंख आडवे धरून, फांद्या चुकवत उतरणारी मॅलार्ड हा जो काही प्रकार आहे तो बघण्यासाठी मी पुन्हा पाय झाडायला तयार आहे. स्पिनर तेव्हा बंद होता. बदकं होलमध्ये उतरली नाहीत, कडेलाही नाही. दोन खोट्या बदकांच्या मधे जी अडचणीची बोळ उरली होती तिथे घुसली. कुणाला किती मिळाली ते माझ्या हिशेबात नाही, कारण बार झाला तेव्हा थर्मासचं झाकण माझ्या हातून पाण्यात गेलं आणि ते प्लास्टिकचं असल्याने सुदैवाने तरंगलं.

परतीच्या वाटेवर यजमानांनी गाडी उलट्या दिशेला, मेम्फिसला घेतली. पीबडी हॉटेल दाखवायचं होतं. १९३३ साली या हॉटेलचे मॅनेजर एका मित्राबरोबर आर्कान्सातून शिकार करून परतले. तेव्हा जिवंत बदकं बांधून ठेवायला बंदी नव्हती, त्यामुळे ती त्यांच्याबरोबर होती, आणि व्हिस्कीही पुरेशी पोटात होती. त्या भरात त्यांनी आपली बोलावणारी बदकं लॉबीतल्या संगमरवरी कारंज्यात सोडली. लोकांना ती इतकी आवडली की बदकं तिथेच राहिली. १९४०मध्ये एडवर्ड पेम्ब्रोक नावाच्या हॉटेलातल्या कर्मचाऱ्याने, जो पूर्वी सर्कशीत जनावरांना शिकवायचा, त्यांना रांगेत चालायला शिकवलं, आणि १९९१पर्यंत तो हेच काम करत होता. आजही रोज सकाळी ११ वाजता एक नर आणि चार माद्या गच्चीवरच्या आपल्या घरातून लिफ्टने खाली येतात, लाल गालिच्यावरून बँडच्या सुरावर कारंज्यापर्यंत चालतात आणि पाण्यात उड्या घेतात. संध्याकाळी ५ला परत. हॉटेलच्या जेवणाच्या यादीत बदक नसतं.

गालिच्याच्या दोन्ही बाजूंना पोरंटोरं मांडी घालून बसली होती, आईबाप मोबाइल उंचावून. लिफ्टचं दार उघडलं, बदकं तुरुतुरु धावली, कारंज्यात पडली, टाळ्या झाल्या. यजमान हाताची घडी घालून, डोळे बारीक करून कारंज्याकडे बघत होते.

“फार दाटीने बसलीत,” ते म्हणाले. “मधे जागाच ठेवली नाही.”

मेहुणे म्हणाले, “नर कडेला आहे म्हणून. त्याला मधे घ्यायला पाहिजे होता.”